पुढच्या चाकाचा आवाज

६ जानेवारी, सोमवार

नवी वही. सूनबाईने दिली. रंजिताला बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये मिळाली होती, पुठ्ठ्यावर केळीच्या घडाचं चित्र आहे. बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवर सव्वीस वर्षं जॉबर होतो. पाळी संपली की कोणता लूम बंद पडला, का पडला, काय दुरुस्त केलं, ते वहीत लिहायचं. लूम सुटले, लिहायची सवय सुटली नाही. आता लूमच्या जागी पिकअप.

आज शाहपूरला दिगंबर पाटलांच्या बागेत मशीन लावलं. केळी कापून नेली की खोडं शेतात सडत पडतात. रंजिताचं मशीन त्या खोडातून धागा काढतं. मशीन, त्याचं डिझेल इंजिन आणि खालची दोन चाकांची ट्रॉली, सगळं मिळून टनाच्या वर वजन. पिकअपला मागे हुक लावून घेतला आहे, ट्रॉली ओढत न्यायचं काम माझं. गटातल्या बायका मागे बसतात, रंजिता पुढे माझ्या शेजारी. पूर्वी ती स्कूटीवर मागून यायची. दिवाळीपासून गाडीतच बसते. म्हणते, बाबा, मला रस्त्याने बागा बघायच्या असतात. बघू दे. पण बागांपेक्षा तिचं लक्ष आरशातच जास्त असतं.

धागा चोवीस किलो. मशीनच्या इंजिनात ऑइल टाकलं. बाकी ठीक.

९ जानेवारी, गुरुवार

मोबाईलचा स्पीकर गेला वाटतं. मुलगा, हर्षल, पिथमपूरहून बोलत होता, अर्धं कळलंच नाही. टीव्हीचंही तेच. आवाज चाळीसवर नेल्याशिवाय बातम्या समजत नाहीत. आजकाल वस्तूच अशा येतात.

इच्छापूर रोडवर एका डंपरवाल्याने ओव्हरटेक करताना खिडकीतून हात काढून शिव्या दिल्या. मागून हॉर्न दिला असता तर मी गाडी बाजूला घेतली नसती का? हॉर्न द्यायचा नाही, नुसतं अंगावर यायचं. रंजिता म्हणाली, "जाऊ द्या बाबा." घाबरली होती.

परत येताना ती काहीतरी बोलली, ब्रेक घेऊ म्हणाली. लालबागच्या अलीकडे हॉटेलवर चहाला थांबलो. चहा आला तरी ही आपली गाडीपाशीच, पुढच्या चाकाजवळ वाकून उभी. चहा गार झाला तिचा. ब्रेक घ्यायचा तर नीट बसून तरी घ्यावा माणसाने.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गटाला सुट्टी, पण मशीनचा पट्टा बदलायचा होता म्हणून मी सकाळीच शाहपूरला गेलो. निघताना बायकोने, आशाने, स्वयंपाकघरातून काही विचारलं, मी हो म्हणालो. दुपारी घरी आलो तर माझ्यासाठी पोळीच ठेवलेली नाही. तिने म्हणे विचारलं होतं, जेवण पाटलांकडेच आहे का. सणाच्या दिवशी लोणच्यासोबत भात खाल्ला. दाढा काढल्यापासून ही तोंडातल्या तोंडात बोलते. मी तसं म्हटल्यावर तोंड फिरवून बसली.

त्या मानाने गटातली सोजरबाई. बाईचा आवाज जाड, घोगरा. मशीन चालू असलं तरी तिचा शब्द न शब्द कळतो.

ब्रेकचं पेडल जरा खाली जातं आहे. ब्रेक ऑइल कमी झालं होतं, टाकलं.

१८ जानेवारी, शनिवार

रात्र बरीच झाली आहे. तरी लिहितो. जसं झालं तसं.

असीरगडच्या पलीकडच्या एका बागेत काम होतं. चार वाजता आटोपलं. गटातल्या बायका बसची वेळ झाली म्हणून आधीच गेल्या होत्या, ते बरं झालं. गाडीत मी आणि रंजिता. मागे मशीन, शिवाय ओला धागा. घाट उतरायला लागलो. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थडथड उडायला लागलं. स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. जोर देऊन दाबला. गाडी थोडी हळू झाली, पण थांबेना, मागून ट्रॉली ढकलतच होती. समोर खालून कापसाने भरलेला ट्रॅक्टर वर येत होता. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. तरी अंतर पुरणार नाही असं दिसलं, म्हणून गाडी डोंगराच्या बाजूला मातीत घातली. थांबली. ट्रॉली आडवी होऊन रस्त्यावर आली, पण उलटली नाही.

रंजिताचं कपाळ समोरच्या काचेला लागलं. रक्त नाही, टेंगूळ आलं. मी तिला विचारलं, लागलं का फार? ती माझ्याकडे बघत काहीतरी पुटपुटली, मग नुसती मान हलवली.

ट्रॅक्टरवाला चांगला माणूस. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ट्रॉली सरळ करून दिली. पिकअप दुसऱ्या गाडीने ओढून आणली. घरी पोहोचेपर्यंत दिवे लागले.

इतक्या वर्षांत माझ्या हाताखालचं कुठलंच यंत्र मला न सांगता असं बिघडलं नव्हतं. चोवीस लूम चालू असताना मी दारात उभा राहून सांगायचो, सात नंबरचा पट्टा ढिला आहे, जाऊन बघा. मालक लोकांना बोलावून दाखवायचे. आणि ही गाडी एक शब्द न बोलता दगा देते.

१९ जानेवारी, रविवार

हर्षल सकाळीच आला. आशाने फोन केलेला. बायकोचं टेंगूळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात तिघं बराच वेळ बोलत होते. मी गेलो की गप्प.

जेवताना म्हणाला, "बाबा, आपण ड्रायव्हर ठेवू. तुम्ही मशीन बघा फक्त."

मी म्हटलं, ब्रेक गेला गाडीचा, माझा नाही.

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस?"

त्याने रंजिताकडे बघितलं. ती ताटात बघत होती. फेब्रुवारीअखेर तिच्या गटाला सहा क्विंटल धागा चटया विणणाऱ्यांना द्यायचा आहे, निम्मासुद्धा झालेला नाही. पहिलीच मोठी ऑर्डर. ही हुकली तर दुसऱ्यांदा कोण विचारणार? आणि आज घरात कशाची चर्चा, तर माझ्या आरामाची.

संध्याकाळी हर्षल परत गेला. जाताना पाया पडला आणि काहीतरी बोलला. कळलं नाही, पण मी पाठीवर हात ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

राजपुऱ्यातल्या ललितच्या गॅरेजला गाडी ओढून नेली. तिशीचा मुलगा, हात चांगला आहे, तोंड चांगलं नाही. डावं चाक काढलं आणि शिट्टी वाजवली. निदान तोंड तरी तसं केलं.

ब्रेकची पट्टी पूर्ण संपलेली. मसाला शिल्लक नाही, मागचं लोखंड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर सरळ घासत होतं. डिस्कवर बोटाचं नख अडकेल एवढे खोल चरे, कडेला धार आलेली. उजवीकडे तेच, थोडं कमी. पट्ट्या डिस्कवर दाबणारा डाव्या बाजूचा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून जाम झाल्या होत्या, म्हणून डावी जास्त खाल्ली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, सगळं वजन या दोन डिस्कवर. हे कारण मला पटलं.

पण ललित म्हणाला, "काका, एक बात बोलू? हे एका दिवसाचं काम नाही. ही गाडी कमीत कमी महिनाभर ओरडत असेल. पट्टी संपली की आधी शिट्टीसारखं वाजतं, मग करकर. पूरा मोहल्ला ऐकतो. तुमच्या कानात कापूस होता काय?"

दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, सव्वीस वर्षं जॉबर होतो, मला आवाज शिकवू नको.

"मग कसं काय सुटलं?"

मी वाकून डिस्कवरची माती पुसायला लागलो. मग तो म्हणाला, डिस्क बुधवाऱ्यात लेथवर घासून आणतो, एकदम चकाचक होऊन जातील. पण डिस्कवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, याच्याखाली गेली तर वापरू नये. वीस मिलीमीटर. जाडी मोजायचं माझं व्हर्नियर लावलं. डावी सतरा, उजवी साडेअठरा. घासून आणखी पातळ करणार आणि त्यावर घाटात मशीन उतरवणार?

"चालतं काका. सगळेच चालवतात."

"सगळ्यांच्या मागे टनाचं मशीन नसतं."

गाडी घरी ओढून आणली. मी स्वतः बदलणार. लूम उघडून जोडणाऱ्याला दोन चाकं जड नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

खंडव्याहून माल मागवला. दोन डिस्क, चार पट्ट्यांचा सेट, बेरिंगचं सील, कॅलिपरच्या पिना, रबर. डिस्क जोडीनेच बदलायच्या. एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी एका बाजूला ओढते.

दुपारी रंजिता अंगणात येऊन उभी राहिली. बराच वेळ. म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं."

"सांग."

ती बोलायला लागली, तेवढ्यात गल्लीतून भंगारवाला आला. भोंगा चालू. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोल. मग ती म्हणाली, "काही नाही. चहा टाकू का?" चहाचं कळलं.

२३ जानेवारी, गुरुवार

माल आला. डिस्कला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेल लावलेलं असतं. ते पेट्रोलने पुसल्याशिवाय बसवायची नाही, नाहीतर पट्टीला तेल लागतं आणि ब्रेक धरत नाही. रंजिताला दाखवलं. तिने दोन्ही डिस्क पुसल्या, मग पांढरं फडकं घेऊन पुन्हा पुसून बघितल्या. फडकं स्वच्छ निघालं. मला हे आवडलं. माझ्या हाताखालचे कामगार सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा पुसायचे नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

डावी बाजू.

मागच्या चाकांना दगड लावले. नट आधी ढिले केले, मग जॅक. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली सागाचे दोन ठोकळे. चाक काढलं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने वर टांगला. पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, पाइप आतून तुटतो. मग चाक ज्यावर बसतं त्या हबची टोपी, पिन, नट, बाहेरचं बेरिंग. आमच्या गाडीत डिस्क हबला मागून बोल्टने जोडलेली असते, म्हणून अख्खा हबच काढावा लागतो.

हब निघेना. आतलं सील गंजून चिकटलं होतं. लाकूड मध्ये धरून हातोड्याने आठ-दहा ठोके दिले. सातवा ठोका जरा तिरपा बसला. शेवटी सुटला.

डिस्कचे सहा बोल्ट. पाच सुटले, सहाव्याने दुपार खाल्ली. रॉकेल सोडलं, वाट बघितली, पान्याला पाइप लावून रंजिता आणि मी दोघांनी जोर दिला. सुटला तेव्हा ती मागे पडली आणि हसायला लागली. घाटानंतर पहिल्यांदा हसली.

हबची बैठक तारेच्या ब्रशने साफ केली. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते आणि पेडल उडतं. नवी डिस्क, बोल्ट समोरासमोरचे आवळत गेलो. बेरिंगला नवं ग्रीस. ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंग त्यात दाबायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. रंजिताने एक बेरिंग स्वतः भरलं. नट आवळताना हब फिरवत राहायचं, मग थोडा मागे घ्यायचा, मग पिन.

आशा दारातून बघत होती. पाच वाजता गूळ-शेंगदाणे घेऊन आली, दोघींचं काहीतरी बोलणं झालं. माझ्याबद्दल असावं, दोघी माझ्याकडे बघत होत्या.

२५ जानेवारी, शनिवार

उजवी बाजू दोन तासांत झाली. काल शिकलो ते आज कामाला आलं.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल टाकीतून वर येतं, ते आधी थोडं काढून ठेवलं. पट्ट्या नव्या, पिना नव्या. चाकं लावली. गाडी सुरू करायच्या आधी पेडल दाबून घेतलं. पहिल्या तीन वेळा पेडल तळाला टेकतं, चौथ्यांदा घट्ट होतं. हे विसरलं तर गाडी अंगणातून सरळ समोरच्या भिंतीत जाईल.

ललित मोटरसायकलवर जाताना थांबला. चाक हलवून बेरिंग बघितलं, डिस्कवरून बोट फिरवलं. "मस्त बसवली काका," म्हणाला. खोटं बोलणारा मुलगा नाही तो.

२६ जानेवारी, रविवार

आज काय झालं ते सावकाश लिहितो.

नव्या पट्ट्या आणि नव्या डिस्कची ओळख करून द्यावी लागते. ट्रॉली न लावता रिकाम्या रस्त्यावर पन्नासचा वेग घ्यायचा, हळू ब्रेक दाबून दहावर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची, पुन्हा पन्नास. असं आठ-दहा वेळा. झेंडावंदन आटोपल्यावर शाहपूर रोडवर निघालो. सुट्टी, रस्ता मोकळा. रंजिता शेजारी.

पहिल्या चार वेळा झकास. पेडल घट्ट, थरथर नाही, गाडी सरळ. मी खुशीत होतो. पाचव्या वेळी ती म्हणाली, "बाबा, थांबवा."

"का?"

"आवाज येऊन राह्यला. डाव्या बाजूने."

मी गाडी हळू केली. कान दिला. "काही नाही."

"येऊन राह्यला बाबा. घासल्यासारखा. हे बघा. आता. आता."

"नवी पट्टी आहे, बसेल."

"नाही. थांबवा तुम्ही."

सून माझ्याशी या आवाजात पहिल्यांदा बोलली. मी गाडी बाजूला घेतली आणि चिडलो. म्हटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का? परवा बेरिंग भरलं म्हणून मिस्त्री झालीस?

तिचे डोळे भरले, पण ती खाली उतरली नाही. माझ्याकडे तोंड करून मोठ्याने, एकेक शब्द सोडवून बोलली. "बाबा, मी आधीपण सांगितलं होतं. ब्रेक वाजून राह्यला म्हटलं होतं. तुम्ही चहाला थांबले. दुसऱ्यांदा सांगितलं तर तुम्ही हो म्हणाले. मला वाटलं, बाबांना कळतं, ते एवढे मोठे जॉबर, त्यांनी ऐकलंच असेल, मी कोण सांगणारी. म्हणून मी गप्प बसली. आणि घाटात..." कपाळावर हात नेला.

मी खाली उतरलो. जॅक लावला. डावं चाक उचललं, हाताने फिरवलं. तिला म्हटलं, आवाज आला की सांग.

ती चाकाजवळ बसली. "आता," म्हणाली. चाक फिरत होतं. "आता." मी चाकाच्या मागून हात घातला. डिस्कच्या पाठीमागे माती उडू नये म्हणून पातळ पत्रा असतो, त्याच्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "आता," आणि माझ्या बोटाला टिचकी बसली. एक फेरी. "आता." टिचकी. पुन्हा फेरी. "आता." टिचकी.

मी बोट ठेवूनच राहिलो. दहा-बारा फेऱ्या तरी झाल्या असतील. तिचा शब्द आणि माझ्या बोटाची टिचकी एकदाही मागेपुढे झाली नाही. मधे मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग मी कान चाकाला जवळजवळ टेकवला. तरी नाही.

परवाचा तिरपा ठोका. हातोडी पत्र्याला लागून तो आत वाकला होता. पक्कडीने बाहेर ओढला. रंजिताने चाक फिरवलं आणि म्हणाली, "गेला." बोटालाही काही लागलं नाही.

उरलेले पाच फेरे पूर्ण केले. तिने चालवले. लायसन्स आहे तिच्याकडे, रावेरला माहेरी असताना काढलेलं. मला माहीत होतं, पण कधी चावी दिली नव्हती.

पत्रा घासत होता. आवाज होता. मला आला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी आशाला सांगितलं, मला ऐकू येत नाही.

ती भाजी निवडत होती. हात थांबला. मग माझ्याकडे नीट तोंड करून म्हणाली, "चार वर्षं झाली."

"तुला माहीत होतं?"

"नाही ना. मला वाटलं, तुम्ही माझं ऐकतच नाही."

एवढंच बोलली. पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिच्यासमोर बसून अर्धी जुडी निवडून दिली. चार वर्षांत ती काय काय बोलली असेल आणि मी कशाकशाला हो म्हणालो असेन, त्याचा हिशोब लागणं शक्य नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

खंडव्याला कानाची तपासणी. हर्षल सुट्टी टाकून आला होता. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट बघत बसलो. नंतर कळलं, आवाज चालूच होते.

तपासणाऱ्या बाईंनी, अमृता नाव, कागदावर रेषा काढून दाखवली. जाड आवाज ठीक, बारीक आवाजाकडे रेषा उतरत जाते आणि खाली जाऊन पडते. शिट्टी, करकर, बायकांचं बोलणं, सगळं त्या खालच्या बाजूला. त्यांनी रेषा बघूनच विचारलं, "लूमवर होते का तुम्ही?" म्हणाल्या, बुऱ्हाणपूरचे खूप येतात, सगळ्यांची रेषा अशीच.

मी म्हटलं, पण मी तर लूम कानाने ओळखायचो. त्या म्हणाल्या, "हो. त्यातच गेले कान."

कोपऱ्यात हर्षल होता. बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, कानाला मशीन लागणार आहे, त्याची सवय होईपर्यंत मी गाडी चालवणार नाही. आणि ट्रॉली लावलेली असेल तेव्हा त्यानंतरही नाही. रंजिता चालवेल. ड्रायव्हर ठेवायची गरज नाही. तो हे सगळं मला सांगायला आला होता, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कानात मशीनं बसवली, दोन्हीकडे. फार कटकट. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाडल्यासारखं होतं. चमचा ताटावर पडला तर मी दचकलो. आशा हसली. तिचं हसणं पुष्कळ दिवसांनी ऐकलं, जरा किनरं आहे, तिशीत होतं तसंच. तिला म्हटलं नाही.

मोबाईलचा स्पीकर ठीक आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

असीरगडच्या पलीकडे, त्याच बागेत काम. गटाचा साडेचार क्विंटल धागा झाला. पंधरा दिवसांत दीड करायचा आहे, होईल असं सोजरबाई म्हणते.

घाट उतरताना स्टिअरिंगवर रंजिता. मागे मशीन आणि ओला धागा, तेवढंच वजन. मी तिला वरच सांगितलं, दुसऱ्या गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, दाब आणि सोड. तिने तसंच केलं. दुसऱ्या वळणावर माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, तिथे पेडल नव्हतं. गाडी हळू झाली, सरळ राहिली. वर येणाऱ्या एका ट्रकला तिने जागा दिली.

खाली सपाटीवर थांबलो. दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात धरला. सारखीच गरम. पुन्हा गाडीत बसलो, तिने इंजिन सुरू केलं, आणि मला एक टकटक ऐकू आली. बारीक, एका तालात.

"थांब," मी म्हटलं. "टकटक येतेय इंजिनातून."

तिने डोकं जरा कलतं केलं. "ते होय? ते तर मी लग्न होऊन आली तेव्हापासून वाजून राह्यलं, बाबा."

"दोन वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, या गाडीचा आवाजच तसा आहे."

घरी आल्यावर इंजिन गार होईपर्यंत चहा घेतला. मग वरचं झाकण उघडलं. तिसऱ्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हवरचं टॅपेट ढिलं होतं, टकटक त्याचीच. फट मोजायच्या गेजची पातळ पट्टी मी तिच्या हातात दिली आणि कुठून सरकवायची ते दाखवलं.